भाकरी खाल्ली म्हणून शुगर टळत नाही

गेल्या मे महिन्यात माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.३ आला. ५.७ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची अवस्था आणि ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, एवढं रिपोर्टच्या तळाशी छापलेलंच होतं. या अलीकडच्या अवस्थेला डॉक्टर प्रीडायबेटिस म्हणतात. आमच्याकडे लोक म्हणतात, शुगर बॉर्डरवर आहे. आणि बॉर्डरवर म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. “म्हणजे अजून लागली नाही की, मग काय एवढं!” हे मला इतक्या जणांनी ऐकवलं, की त्यासाठीच हे लिहायला बसले आहे. कारण माणसाच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते याच अवस्थेत. पुढे गेल्यावरही पुष्कळ करता येतं, पण इतक्या सहज नाही.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची सून. माहेर पश्चिम भागातलं, लाल मातीचं, रताळ्या-बटाट्याचं. सासरी काळी जमीन. पावसाळ्यात भात, भात कापला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. मी वडगावात एका सोसायटीत कॅशियर आहे. वय ४२, उंची पाच फूट एक इंच, तेव्हाचं वजन ६६ किलो. माझ्या वडिलांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या पायांना बधिरपणा आहे, डोळ्यांवर लेझर झालंय. त्यामुळे हा आजार काय करतो ते मी घरातच बघितलेलं आहे.

सुरुवात झाली ती आशा ताईंमुळे. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी करायचा सरकारी कार्यक्रम आहे, त्याचे फॉर्म घेऊन त्या घरोघरी फिरत होत्या. फॉर्म कन्नडमधला, पण त्या प्रश्न मराठीत विचारतात आणि उत्तरं कन्नडमध्ये भरतात. वय किती, तंबाखू आहे का (मिश्रीसुद्धा तंबाखूतच धरतात, हे ऐकून आमच्या शेजारच्या दोन आज्या गप्प झाल्या), दारू, कमरेचा घेर, आठवड्यात व्यायाम किती, आई-वडिलांत कुणाला शुगर, बीपी. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या म्हणतात. माझी गेली. केंद्रात बोटातून रक्त काढून बघितलं आणि लॅबमध्ये नीट तपासणी करायला सांगितलं.

मला काही त्रास होत होता का, असं सगळे विचारतात. तहान नाही, रात्री उठावं लागत नव्हतं, जखमा भरत होत्या. दमायला व्हायचं, पण त्याचं कारण वेगळंच निघालं आणि त्या कारणामुळे ६.३ या आकड्यावरच प्रश्न उभा राहिला. हे जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांना ते लागू पडेल.

टिळकवाडीतल्या ज्या डॉक्टरबाईंकडे मी रिपोर्ट घेऊन गेले, त्यांनी आधी एचबीएवनसीकडे बघितलंच नाही. हिमोग्लोबिन बघितलं. ते ९.४ होतं, बायकांत निदान १२ तरी असावं लागतं. “अंगावरून जास्त जातं का?” त्यांनी विचारलं. जात होतं, तीन वर्षांपासून. मग त्यांनी समजावलं ते असं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरते, तितकी ती पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. एचबीएवनसी म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे त्याचं माप. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर उपाशीपोटीची साखर म्हणजे आज सकाळची कॅश, आणि एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शिल्लक. पण लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल तर ही सरासरी आहे त्याहून थोडी जास्त दिसू शकते. म्हणून नुसत्या त्या एका आकड्यावर विसंबायचं नाही. रक्त कमी असलेल्या बाईची साखर ग्लुकोज पाजून बघावी, हे त्यांचं म्हणणं.

त्या तपासणीची माहिती आधी मिळाली तर बरं असतं. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं. घाबरून भात-भाकरी बंद करून गेलं तर निकाल फसवा येतो. आदल्या रात्री जेवल्यावर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी लवकर लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटीचं रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात कालवून पाच मिनिटांत संपवायचं. ते इतकं गोड असतं की घशाला मिठी बसते. मला मळमळलं, पण उलटी झाली तर सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागतं, म्हणून डोळे मिटून बसून राहिले. नंतरचे दोन तास बसूनच काढायचे. फिरायचं नाही, चहा नाही, काही चघळायचं नाही. बाजारातली कामं उरकून येते म्हणून निघालेल्या एका बाईंना लॅबवाल्या मुलीने परत बसवलं ते मी बघितलं, आणि तिचं बरोबर होतं, कारण चाललं की स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खाली येतो. दोन तासांनी पुन्हा रक्त.

माझी उपाशीपोटी १०६ आली, दोन तासांनी १७२. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि दोन तासांनंतर १४० ते १९९, दोन्ही प्रीडायबेटिसचेच पट्टे. दोन तासांनी २०० किंवा उपाशीपोटी १२६ आली असती तर मधुमेह. म्हणजे रक्त कमी असल्यामुळे आकडा फुगला असेल नसेल, पण साखर वाढलेली होती हे नक्की झालं.

डॉक्टरबाईंनी मग एका कागदावर माझा हिशेब मांडला. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ साली आपल्या लोकांसाठी जोखमीची एक गुणपद्धत काढली. त्यात रक्ताचा थेंबही लागत नाही. वय ३५ च्या आत शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून ३०. कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, ८० ते ८९ ला १०, ९० आणि पुढे २०. पुरुषाला हेच आकडे ९० आणि १०० पासून. नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर शून्य, दोन्हीतलं एकच असेल तर २०, बैठं काम आणि व्यायामही नाही तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०. सगळं मिळून १००. साठ किंवा जास्त गुण म्हणजे जोखीम मोठी. माझं वयाचं २०, कमरेचे ८८ सेंटिमीटर म्हणून १०, दिवसभर काउंटरवर बसणं म्हणून ३०, वडिलांचे १०. बेरीज ७०. त्या कागदाकडे बघताना मला एक गोष्ट दिसली आणि ती अजून डोक्यात आहे. वय आणि वडील मला बदलता येत नाहीत, पण त्या ७० मधले ४० गुण बदलता येण्यासारखे होते.

गोळी द्याल का, हे मी विचारलं. वडिलांचं बघून मला वाटायचं की आधीच गोळी सुरू केली तर आजार येणारच नाही. त्यावर त्यांनी चेन्नईच्याच डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ग्लुकोज पाजून तपासल्यावर माझ्यासारखे आकडे आलेले ५३१ भारतीय त्यात होते. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. खाणं आणि चालणं सुधारलं त्यांच्यात ३९ टक्के, मेटफॉर्मिनची गोळी घेतली त्यांच्यात ४० च्या आसपास, आणि दोन्ही केलं त्यांच्यातही ३९ च. म्हणजे खाण्या-चालण्यावर गोळीची भर घालून जास्त काही पदरात पडलं नाही. आणखी एक, त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. काही जणांना गोळी लागतेच, ते डॉक्टर ठरवतात. मला त्या म्हणाल्या, आधी सहा महिने जेवण आणि पाय, सोबत लोहाच्या गोळ्या आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. मग पुन्हा ग्लुकोज पिऊन बघू.

यात खात्री कसलीच नाही, हेही त्यांनी सांगितलं. सुधारलेल्यांतल्याही ३९ टक्क्यांना मधुमेह झालाच की. मला हे स्पष्ट सांगणं आवडलं. हमखास उपाय म्हणून कारल्याचा रस, मेथीचं पाणी, कसलीशी पावडर विकणारे चिक्कार भेटतात. ‘कमी होईल, पण शून्य होणार नाही’ असं सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसला.

आता जेवणाचं. इथंच माझं सगळ्यात जास्त म्हणणं आहे.

आमच्या गावात शुगर निघाली की पहिला सल्ला मिळतो, भात सोड, भाकरी धर. गहू सोड, नाचणी धर. साखर सोड, गूळ धर. गुळाचं आधी निकालात काढते: रक्ताच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच, घरच्या उसाचा असला तरी. भाकरीचा मुद्दा जास्त अवघड आहे, कारण भाकरी खरंच चांगली आहे. तिच्यात चोथा आहे, चावायला वेळ लागतो, पोट भरतं. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातल्या मोठ्या पाहणीतून २०२५ साली जे समोर आलं ते असं, की आपल्या लोकांच्या रोजच्या उष्मांकातले ६२ टक्के नुसत्या पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतात. आणि एकूण पिष्ट तेवढंच ठेवून नुसतं तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्य आणलं तर मधुमेहाची जोखीम कमी झालेली दिसत नाही. कमी होते ती त्यातला थोडा हिस्सा काढून तिथं डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी-मासे असं प्रथिनांचं काही आणलं तर. म्हणजे दोन चपात्या काढून तीन भाकऱ्या ठेवल्या, तर आपण काहीच केलेलं नाही.

माझा त्या वेळचा दिवस लिहून काढला तेव्हा हे मला लख्ख दिसलं. सकाळी चहात बुडवून बेकरीतलं बटर. नाश्त्याला पोहे नाहीतर उप्पीट. डब्यात चपात्या आणि बहुतेक वेळा बटाट्याची भाजी, बाजूला भात. सोसायटीत तीन वेळा साखरेचा चहा. संध्याकाळी घरी आल्यावर चिरमुरे, कारण चिरमुरे हलके, असं आमच्याकडे समजलं जातं. रात्री भाकरी, मग भात-आमटी. सकाळपासून रात्रीपर्यंत पिठूळ पदार्थच. गोड मी फारसं खातच नव्हते. कुंदा घरात आला तरी चमचाभर. ‘मी गोड खात नाही, मला कशी शुगर होईल’ असं म्हणणाऱ्यांना मी हाच दिवस वाचून दाखवते.

आमच्या घरात मसूर पोत्यानं असतो. आपल्याच रानातला. आणि खाल्ला जायचा किती, तर पातळ आमटीपुरता. कोरड्या मसुरात शंभर ग्रॅमला जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिनं असतात. तर मी एवढंच केलं, की अख्ख्या मसुराची घट्ट उसळ रोजच्या ताटात आणली, कधी मसूर, कधी मूग, कधी हरभरा, कधी वाटाणा. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा उसळ किंवा अंडं, रविवारी मटण, कधी घाटावर आलेला बांगडा. बाकीच्या चौथ्या भागात एक भाकरी आणि वाटीभर भात, किंवा भाकरी नको असेल तर थोडा जास्त भात. भात मी सोडला नाही. इंद्रायणीचा वास घरात दरवळत असताना ताटात भातच घ्यायचा नाही, असं करून माणूस किती दिवस टिकणार? वाटीनं मोजून घेतला, हा फरक.

खाण्याचा क्रमही बदलला. आधी काकडी-मुळा, मग उसळ-भाजी, भाकरी त्यासोबत, भात शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणाऱ्या पिठाची साखर रक्तात सावकाश चढते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. यात पैसा लागत नाही, वेगळा स्वयंपाक लागत नाही. म्हणून मला तो सगळ्यात सोपा बदल वाटतो.

वडिलांचं बोटातून रक्त बघायचं मशीन मी काही दिवस आणलं होतं. त्या मशीनचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो आणि प्रीडायबेटिसमध्ये ते रोज लागतही नाही. पण ताटाचा फरक डोळ्यांनी बघायला उपयोग झाला. संध्याकाळी चिरमुरे आणि चहा घेतल्यावर दोन तासांनी १६१. त्याच वेळेला उकडलेल्या हरभऱ्याला कांदा-लिंबू लावून खाल्ले तर १२६. चिरमुरा हातात हलका लागतो, पण तो फुगवलेला तांदूळ आहे आणि त्याची साखर झटकन होते.

आत्यांना (माझ्या सासूबाईंना) हे सगळं पटवणं सोपं नव्हतं आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. “रानात दिवसभर वाकलेल्या माणसाला वाटीभर भातानं काय होतंय?” त्या म्हणाल्या. आत्या अजून भांगलणीला जातात. त्यांचं ताट आणि माझं ताट एक असायचं कारणच नाही. त्यांच्या पिढीनं भाताचा डोंगर खाल्ला आणि तो रानात जिरवला. मी तोच डोंगर खाऊन काउंटरवर बसते. हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी एक वाट काढली, जी मला सुचली नसती. भाताचं पातेलं चुलीजवळच ठेवायचं, ताटात ज्याला त्याला हवा तेवढा वाढायचा, पण उसळ मात्र सगळ्यांना सारखी आणि आधी. त्यामुळे माझ्यासाठी वेगळं काही शिजत नाही, आणि ‘आजाऱ्याचं ताट’ असं घरात कुणाच्या तोंडी आलं नाही. मुलांच्या ताटातही उसळ गेली, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

श्रावणातल्या उपासांबद्दल थोडं. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, रताळ्याचे काप, हे सगळं पिष्टच आहे. माझ्या माहेरच्या रताळ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. एखादं मध्यम रताळं उकडून, सोबत मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर ताक, असा माझा सोमवार जातो. यात्रेला आणि लग्नांना मी सगळ्यांसारखं जेवते, दुसऱ्या वेळेला हलकं.

चालणं हा दुसरा भाग. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. सकाळी मला जमत नाही, डबे असतात. मी बस अलीकडच्या थांब्यावर सोडून सोसायटीपर्यंत चालत जाऊ लागले, येताना तसंच. रात्री जेवण झाल्याबरोबर पंधरा मिनिटं. जेवणानंतरच्या या पंधरा मिनिटांचा भाव वेगळा आहे, कारण त्याच वेळेला रक्तात साखर चढत असते आणि चालते पाय ती इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. पण जून लागला आणि बेळगावचा पाऊस सुरू झाला. इथला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, दिवसचे दिवस घराबाहेर पाऊल टाकवत नाही. तेव्हा घरातच सोप्यापासून परसदारापर्यंत येरझाऱ्या. मुलीनं मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला लावलं, भिंतीला हात लावून जोर काढायला लावले. आमचं गाव कुस्तीचं, तालमीतली पोरं बघून ती हे शिकलेली. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी, त्यांना काम दिलं की साखर तिकडे खर्च होते. सोसायटीत दर अर्ध्या-पाऊण तासानं मी उठून पाणी प्यायला जाते. चहा आता एकदाच बिनसाखरेचा, बाकी दोन वेळा पाणी.

पावसाळ्यातच घरात दुसरी गोष्ट घडली. माझे धाकटे दीर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. वजन ५८ किलो, हातपाय काटक. माझं सगळं चालू असताना ते मला चिडवायचे, “वहिनी, ही जाड माणसांची कामं.” मी एकदा टेप त्यांच्याही पोटाला लावला. ९४ सेंटिमीटर. हातपाय बारीक आणि चरबी सगळी पोटात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा आपल्या लोकांचा बांधा त्यांनी जगापुढे मांडला. २००४ साली त्यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर जास्त बोलतो, आणि बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्याला जास्त वजनाचे धरतात.

भावजींना मी तपासायला नेलं. एचबीएवनसी ७.६. त्रास काही नसल्यामुळे डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासून खात्री केली आणि गोळ्या सुरू केल्या. रात्रपाळी, अपुरी झोप आणि विडी, हे तिन्ही जोखीम वाढवतात, त्यातली विडी त्यांनी सोडली आहे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेनं, सगळं ऐकून एकच विचारलं, “चार वर्षांमागं बघितलं असतं तर?” याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि त्याहून जास्त, १३.६ कोटींना प्रीडायबेटिस आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मी तो नुसता वाचून सोडला होता. आता एकाच घरात दोन्ही गटांतलं एकेक माणूस आहे.

डिसेंबरात मी पुन्हा ग्लुकोज प्यायले. या वेळेला लॅबमध्ये विचारून त्यात लिंबू पिळून घेतलं, तेवढं सोसवलं. उपाशीपोटी ९८, दोन तासांनी १३४. एचबीएवनसी ५.८. हिमोग्लोबिन १२.१. वजन ६२, कंबर ८३. डॉक्टरबाईंनी एचबीएवनसीचं फार कौतुक केलं नाही. लोह भरून आल्यामुळेही तो काही प्रमाणात उतरला असणार, असं त्यांनी सांगितलं. १७२ वरून १३४, हा आकडा त्यांनी खरा मानला. ५.८ अजून पट्ट्यातच आहे, म्हणून दर वर्षी तपासायचं. गेलेलं वजन परत आलं तर साखरही परत येते. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींची ताकद एकदा कमी झाली की सगळी भरून येत नाही, म्हणून त्यांच्यावरचा भार कमीच ठेवायचा, हे त्यांनी मला चित्र काढून दाखवलं.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून दर वर्षी डबे, वाट्या, गाळणी देतो. यंदा मी शिंप्याकडच्या मोजपट्ट्या लुटल्या. तिळगूळ दिला, छोटासा, आणि आलेल्या प्रत्येक बाईला सोप्यात उभं करून बेंबीच्या पातळीला पट्टी लावली, श्वास सोडून, पोट न ओढता. वय, कंबर, काम, आई-वडील, चारही गुण मुलीनं वहीवर मांडले. हसणं-खिदळणं भरपूर झालं, पण बेरीज साठच्या वर गेल्यावर बायका गप्प होऊन नीट विचारायला लागल्या. त्यातल्या एकीला बाळंतपणात शुगर निघाली होती आणि मूल झाल्यावर परत कुणी तपासलीच नव्हती. तिचं मूल आता सहा वर्षांचं आहे. बाळंतपणातली साखर उतरली तरी पुढे मधुमेह व्हायची जोखीम कायम राहते. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत एकदा आणि पुढे वेळोवेळी तपासावी लागते. तिला मी त्याच आठवड्यात घेऊन गेले. तिची दोन तासांची १५४ आली, आणि आता रात्रीच्या चालण्याला ती माझ्याबरोबर असते.

साठच्या वर गुण आलेल्या बाकीच्यांपैकी बऱ्याच जणींनी आरोग्य केंद्रात जाऊन बघितलं. दोघी राहिल्यात. त्यांचा मसूर काढायला आलाय, सुगी संपली की जाऊ म्हणतात. दोघींपैकी एकीच्या सासूबाई नको म्हणतायत, म्हणून आत्या आज संध्याकाळी त्यांच्याशी बोलायला जाणार आहेत.